डब्लिनमध्ये नवीन बँडांची जत्रा : तीन रात्री, बारा बँड आणि एक भिजलेला कागद

लिफीकाठचा
मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या. डब्लिनला येऊन मला सात वर्षं झाली आणि या सात वर्षांत आयरिश म्युझिक म्हणजे माझ्यासाठी दोनच गोष्टी होत्या, एक म्हणजे टेम्पल बार या पबांच्या भागात टुरिस्टांसाठी वाजणारं तेच ते फिडल आणि दुसरं म्हणजे आपल्या कॉलेजच्या वेळचे यूटू, क्रॅनबरीज, वेस्टलाइफ. भारतातून पाहुणे आले की त्या लाल पबासमोर उभं करून फोटो काढायचा, आत जाऊन पाइंटचा भाव बघायचा आणि बाहेर यायचं, संपलं.

तर यंदा ऑक्टोबरात आमच्या टीममधला टेस्टिंगचा एक पोरगा, अतिशय शांत, मीटिंगमध्ये कॅमेरा पण लावत नाही, तो म्हणाला गुरुवारी आमचा गिग आहे, येणार का. मी आपलं सौजन्य म्हणून हो म्हणालो. मग कळलं की हा आयर्लंड म्युझिक वीकमध्ये ड्रम्स वाजवतोय. म्हणजे काय, तर दर वर्षी देशभरातून अर्ज मागवतात, त्यातून पन्नासच्या आसपास नवे बँड आणि गायक निवडतात, आणि त्यांना शहराच्या मध्यावरच्या चारपाच छोट्या जागांमधे प्रत्येकी अर्धा तास देतात. अर्धा म्हणजे अर्धाच. तिकीट काढलं की मनगटाला पट्टी बांधतात, ती दाखवत या जागेतून त्या जागेत हिंडायचं. दिवसा इंडस्ट्रीवाल्यांची चर्चासत्रं असतात, बाहेरच्या देशांतल्या फेस्टिवलचे लोक गळ्यात बिल्ला अडकवून फिरतात, ते आपल्यासाठी नाही. आपल्यासाठी रात्र.

मी काय केलं, एक्सेल शीट बनवली. हसा. वर जागा, डावीकडे वेळा, आवडीनुसार रंग. वर्कमन्स क्लबला सव्वाआठ, पूल ओलांडून ग्रँड सोशलला पावणेनऊ, परत अलीकडे येऊन बटन फॅक्टरीला साडेनऊ, मग व्हीलन्सला दहा. गूगलने सांगितलं सगळं चालत काही मिनिटांवर. गूगलला काय माहीत की त्या वाटेवरच्या हापेनी ब्रिजवर रात्री लग्नाआधीची पार्टी करणाऱ्या बायकांचा अख्खा घोळका गुलाबी पट्टे लावून फोटो काढत उभा असतो. पहिल्याच रात्री दोन बँड हुकले, तिसऱ्याचं शेवटचं गाणं मिळालं. दुसऱ्या दिवशी शीट फेकून दिली आणि एका जागी ठाण मांडून बसलो, जो येईल तो ऐकायचा. हे खरं शहाणपण.

आता मुद्द्याचं. जागा छोटी म्हणजे किती छोटी, तर गायिकेने माइकपासून तोंड बाजूला केलं तरी तिचा श्वास ऐकू येतो. स्टेज गुडघ्याएवढं. मागे पडदा नाही, ग्रीनरूमचा जिना सगळ्यांच्या देखत. एक बँड उतरतो, दुसरा चढतो, मधे पंधरा मिनिटं. ड्रमसेट सगळ्यांना एकच, पण स्नेअर, झांजा आणि पायाचं पेडल ज्याचं त्याने आणायचं, म्हणजे आमच्या टेस्टिंगवाल्याने स्वतःच्या झांजा पाठीवरच्या पिशवीतून लुआसने (इथली ट्राम) आणल्या होत्या आणि गिग झाल्यावर घामाने निथळत स्टेजच्या कडेला बसून त्यांचे नट काढत होता. तेच हात ऑफिसात कीबोर्डवर बघितलेत मी. तीच बोटं, पण घण पडल्यासारखा टणक आवाज काढत होती अर्ध्या तासापूर्वी.

त्याचा बँड सुरू व्हायच्या आधी मी बारच्या खांबाला टेकून उभा होतो, हॉलमध्ये फार तर पन्नास माणसं. शेजारी एक साठीची बाई, रेनकोट, हातात कापडी पिशवी, त्यात कुणाचं तरी जॅकेट. ती माझ्याकडे वळून म्हणाली, यातला तुझा कोण? मला क्षणभर कळलंच नाही. मग म्हणालो, ड्रमर, आमच्या ऑफिसातला. तिचा चेहरा असा उजळला, म्हणे माझा बेसवाला. सकाळपासून काही खाल्लं नाहीये त्याने. आणि पिशवीतून सॅंडविच काढून दाखवलं, फॉइलमध्ये गुंडाळलेलं. मग तिने मला बाकीच्यांची ओळख करून दिली, तो भिंतीला टेकलेला म्हणजे गायिकेचा बाप, त्या तिघी गिटारवाल्याच्या बहिणी. मी आजूबाजूला बघितलं तर अर्धा हॉल कुणाचा ना कुणाचा होता. गाणं सुरू झाल्यावर ती बाई डोळे मिटून ओठ हलवत होती, सगळे शब्द पाठ.

आणि बँड चांगला होता हो! नुसतं कौतुक म्हणून नाही सांगत. दोन गाणी सुमार, एक मधेच बंद पडलं, पण चौथं गाणं असं लागलं की मागे गप्पा मारणारे बिल्लेवाले पण गप्प झाले.

तीन रात्रींत बारा बँड धड ऐकले. पहिल्या दिवशी प्रत्येकाचं नाव आणि दोन शब्द असं कागदावर लिहीत होतो कारण फोनची बॅटरी वाचवायची होती. शनिवारी व्हीलन्सहून निघालो तर आडवा पाऊस, छत्रीचा उपयोग शून्य, कागद खिशात, खिसा ओला. घरी येऊन बघतो तर निळा लगदा. त्यामुळे नावं विचारू नका, वर्णनं विचारा.

कोथरूडकर_९
हाहाहा एक्सेल शीट! काय लिहिलंयस रे. पण नावंच नाहीत म्हणजे पंगतीत जेवून आलो पण काय वाढलं ते आठवत नाही अशातला प्रकार झाला. वर्णनं तरी टाक सगळी.

गाजरपाक
मस्त धागा. "यातला तुझा कोण" वाचून डायरेक्ट भरत नाट्य मंदिर आठवलं. पुरुषोत्तमला आम्ही असेच बसायचो, शेजारच्या काकू विचारायच्या तुमचं कोण आहे रे यात, आणि आम्ही म्हणायचो, प्रकाशयोजना. काकूंचा चेहरा पडायचा.

लिफीकाठचा
गाजरपाक, अगदी अगदी, मला तेच आठवलं तिथे. फक्त आव्वाज कुणाचा ओरडायला कुणी नव्हतं. इथली पब्लिक भयंकर सभ्य, गाणं संपलं की टाळ्या, एखादी शिट्टी, मग पुन्हा शांत.

कोथरूडकर, घे वर्णनं, जसं आठवेल तसं :
एक, कॉर्कच्या दोन मुली आणि एक लॅपटॉप, लॅपटॉप दुसऱ्या गाण्याला बंद पडला तर दोघी हसल्या आणि उरलेलं नुसत्या गळ्यावर म्हटलं, ते सगळ्यात छान झालं. दोन, लिमरिकचा रॅपर, बोलतो एवढं भराभर की मला सात वर्षांनंतरही निम्मं कळलं, पण त्याच्या सोबतचा ट्रम्पेटवाला जबरदस्त. तीन, पाच पोरं, सगळ्यांचे केस डोळ्यावर, सगळे जमिनीकडे बघत वाजवत होते, एवढा आवाज की माझ्या छातीतली हाडं वाजली, दोन दिवस कानात शिट्टी. चार, एक पोरगी एकटीच, इलेक्ट्रिक गिटार, अर्धी गाणी आयरिश भाषेत. ती म्हणाली की शाळेत चौदा वर्षं ही भाषा शिकले आणि बाहेर पडल्यावर दूध पण मागता येईना, म्हणून आता गाण्यातून शिकतेय. सगळे हसले, पण ते हसणं जरा ओशाळलेलं होतं, कारण सगळ्यांचं तेच.
बाकीचे आठवतील तसे.

थिनलिझीचा_पंखा
धागाकर्त्याला सलाम. मी २००५ ते २००८ डब्लिनला होतो, तेव्हा याचंच नाव हार्ड वर्किंग क्लास हिरोज होतं. २००३ साली सुरू झालं, फर्स्ट म्युझिक कॉन्टॅक्ट नावाची संस्था आहे, नव्या कलाकारांना फुकट सल्ला देणारी, तीच चालवते. २०१८ पासून नाव बदलून आयर्लंड म्युझिक वीक केलं. मला जुनं नाव आवडायचं, त्यात जरा माज होता. तेव्हा तीन दिवसांत शंभरच्या आसपास बँड असायचे, म्हणजे नुसती खिचडी, त्यातले सत्तर बेकार, वीस ठीक आणि दहा असे की घरी जाताना बसमधे बोलायचं नाही कुणाशी. बटन फॅक्टरीचं नाव तेव्हा टेम्पल बार म्युझिक सेंटर होतं, मी असतानाच बदललं. आता निवड कडक झालीये असं दिसतंय. त्यात सोय आहे पण गंमत कमी झाली असणार. बेकार बँड ऐकायला पण मजा यायची हो.

आणि हॅरी स्ट्रीटवर थिन लिझी बँडच्या फिल लायनटचा पुतळा आहे, ग्राफ्टन स्ट्रीटच्या अगदी तोंडाशी, २००५ च्या ऑगस्टमध्ये बसवला, मी नुकताच पोचलो होतो. त्याच्या गिटारच्या तारांमधे पोरं आपापले प्लेक्ट्रम (तारा छेडायची चकती) खोचून जातात. मी पण एक खोचून आलोय. कधी त्या बाजूला गेलास तर माझा नमस्कार सांग.

लिफीकाठचा
काका, रोज त्यावरून जातो लंचला! प्लेक्ट्रम खोचलेले बघितलेत, मला वाटायचं कुणीतरी कचरा टाकतं. माफी.

रेशमाची_रीळ
हे सगळं वाचून छान वाटलं पण एक प्रॅक्टिकल प्रश्न. यांचं पोट कसं भरतं? अर्धा तास वाजवून पैसे किती मिळत असतील? आमच्या भाच्याने पुण्यात इंजिनिअरिंग सोडून बँड काढलाय, ताईने अंथरूण धरलंय.

लिफीकाठचा
रेशमाची_रीळ, आमच्या ड्रमरला मी हेच विचारलं. तो म्हणाला, पोट ऑफिस भरतं, बँड खर्च करतो. टीशर्ट आणि व्हिनाइल विकून पेट्रोल सुटतं. स्ट्रीमिंगचे पैसे म्हणजे त्याच्या भाषेत वर्षाला एक बरं जेवण, आणि ते पण चौघांत वाटून. या फेस्टिवलला वाजवायचं ते पैशासाठी नाही, ते बिल्लेवाले आहेत ना, त्यातल्या एकाने जरी ब्रायटनच्या किंवा हॉलंडमधल्या ग्रोनिंगेनच्या फेस्टिवलला बोलावलं तरी पुढचं वर्ष सुधारतं. म्हणजे एक प्रकारचा दाखवण्याचा कार्यक्रमच. कांदेपोहे नाहीत एवढंच.

पण खरी अडचण घरभाडं आहे. डब्लिनमध्ये खोली मिळायची मारामार, मग चार जणांना तालमीला जागा कुठून? यांचा एक जण आईवडिलांकडे किल्डेअरला राहतो, त्यांच्या शेडमधे प्रॅक्टिस, शेजाऱ्यांनी रात्री आठनंतर बंद करायला लावलंय.

झिम्मा
पोटापाण्याच्या प्रश्नावर थोडं. आयरिश सरकारने २०२२ मध्ये कलाकारांसाठी मूळ उत्पन्नाची योजना प्रयोग म्हणून सुरू केली, आठवड्याला ३२५ युरो. नऊ हजारांच्या वर अर्ज आले, त्यातले जे पात्र ठरले त्यांच्यातून २००० जण चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडले. काम दाखवा, हिशोब द्या असलं काही नाही. माझी एक शिल्पकार मैत्रीण त्यात होती. तिने काय केलं तर कॅफेतली शनिवार रविवारची शिफ्ट सोडली, एवढंच. श्रीमंत कुणी होत नाही, पण शनिवार परत मिळतो. म्युझिकवाल्यांना शनिवार म्हणजे सर्वस्व.

कोथरूडकर_९
३२५ युरो आठवड्याला, नुसतं ड्रम वाजवायला? टॅक्स भरणाऱ्यांना विचारा काय वाटतं.

झिम्मा
टॅक्स मी पण भरते इथे, दणकून भरते. मला चालतं. तुम्हाला सवाई गंधर्वला फुकट पास मिळाला तर तुम्ही काय परत करता का कोथरूडकर? :)

कोथरूडकर_९
ते वेगळं. (पास मिळाला तर कळवा.)

बेसूर_बासरी
मला रॉकमधलं काही कळत नाही, मी आपली तंबोऱ्यावाली. पण लेकीने मागच्या वर्षी लँकम नावाचा डब्लिनचा बँड ऐकवला आणि मी हातातलं काम ठेवून बसले. त्यात पेटी आहे! आपलीच पेटी, भात्याची. आणि मागे एक अखंड स्वर धरून ठेवतात, गाणं त्याच्यावर हळूहळू चढत जातं, म्हणजे आमचं षड्जावर बसणं आणि यांचं बसणं यात मला फार फरक वाटला नाही, फक्त यांचा स्वर जास्त काळोखी आहे, गार भिंतीला गाल लावल्यासारखा. जुनीच लोकगीतं घेतात म्हणे. तर प्रश्न असा की या नव्या बँडांमधे तसलं काही ऐकलंस का?

लिफीकाठचा
ताई, गार भिंतीला गाल, वा! हो, ऐकलं. शुक्रवारी ग्रँड सोशलला चौघं होते, फिडल, कॉन्सर्टिना (हातातली छोटी पेटी), आणि दोघं नुसते जमिनीवर बसून इफेक्ट पेडलची बटणं फिरवत होते. सुरुवातीची पाच मिनिटं एकच स्वर. माझ्या बाजूचा एक म्हणाला साउंडचेक चाललंय का अजून. मग एकाने गायला सुरुवात केली, वाद्यं बंद, नुसता गळा, शॅन-नोस म्हणतात त्या पद्धतीने. समोर कुणी फोन वर केला नाही, बारमधली बाई ग्लास विसळायची थांबली. मला काय शब्द कळतायत, पण मानेवर काटा आला.

लँकमना इथे फार मान आहे. २०१९ आणि २०२३ या दोन्ही वर्षांच्या अल्बमना चॉइस म्युझिक प्राइझ मिळालं त्यांना, इथलं वर्षातल्या सर्वोत्तम आयरिश अल्बमचं बक्षीस. मला वाटतं त्यामुळे नव्या पोरांची भीड चेपली की आजीची गाणी घेऊन पण नवीन काहीतरी करता येतं.

थिनलिझीचा_पंखा
यात अजून एक गोष्ट आहे, उच्चारांची. आमच्या वेळी आयरिश पोरं गायला लागली की अमेरिकन व्हायची. बोलताना डब्लिन, गाताना कॅलिफोर्निया. फॉन्टेन्स डीसी हा बँड आल्यावर ते बदललं असं माझं मत. डीसी म्हणजे डब्लिन सिटी, नावातच गाव. तिथल्याच म्युझिक कॉलेजात भेटलेली पोरं, २०१९ मध्ये पहिला अल्बम आला आणि गायक जसा बोलतो तसाच गातो, र घोळवून. माझ्या मुलाने लावला तेव्हा मला एकदम १६ नंबरच्या बसमधे बसल्यासारखं वाटलं. बेलफास्टच्या नीकॅपने तर रॅपमधे आयरिश भाषा आणली. त्यांचं राजकारण पटो न पटो, पोरं ती भाषा बोलायला लागली हे खरं.

आपल्याकडे हे कधी होणार? मराठी रॉक म्हटलं की गायक लगेच जरा इंग्रजाळलेलं मराठी काढतो. घरी असं बोलतोस का बाबा?

गाजरपाक
काका +१. "मीऽऽ थुला" असं म्हणणारे.

रेशमाची_रीळ
भाच्याला वाचून दाखवला हा धागा. तो म्हणतोय आम्ही तुळजापूरच्या गोंधळ्यांकडून संबळ शिकायला जाणार आहोत. ताईने अंथरूण अजून घट्ट धरलंय.

आईच्या_गावात
नमस्कार, मी इथे फक्त वाचते, पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांगा. आम्ही लुकनला राहतो. मुलगी पंधरा वर्षांची, ट्रान्झिशन इयरला (शाळेतलं मधलं वर्ष) आहे, वर्गातल्या चौघींनी बँड काढलाय, ही बेस वाजवते. घरी आधी फार वादावादी झाली, अहो म्हणत होते अभ्यास बघ, सासूबाई म्हणाल्या पेटी तरी शिक. आता सगळे थकलो. तर तिला असल्या कार्यक्रमाला नेता येईल का? आणि कुठे शिकवतात का नीट? यूट्यूबवर बघून बघून तिची बोटं सोलपटलीत.

लिफीकाठचा
ताई, अजिबात चुकलं नाही, आणि बोटं सोलपटली म्हणजे बरोबर चाललंय असं आमचा ड्रमर सांगतो. पण या जागा बहुतेक सगळ्या पबच आहेत, त्यामुळे १८ च्या खाली घेत नाहीत, दारावर आयडी बघतात. मला चाळिशीत विचारला, मी खूश.

झिम्मा
आईच्या_गावात ताई, दोन गोष्टी. सप्टेंबरात कल्चर नाइट असते, एका शुक्रवारी संध्याकाळी सगळं फुकट, देशभर. २००६ मध्ये टेम्पल बारमध्येच सुरू झाली. त्यात सगळ्या वयाच्या पोरांना चालतील असे खूप गिग असतात. डॉसन स्ट्रीटच्या टॉवर रेकॉर्ड्समध्ये पण अधूनमधून दुपारी बँड वाजवतात, तिथे कुणी वय विचारत नाही.

दुसरं म्हणजे म्युझिक जनरेशन शोधा. काउंटीनुसार असतं, मुलांना स्वस्तात वाद्यं शिकवतात, काही ठिकाणी रॉकचे पण क्लास आहेत. यूटूने ५० लाख युरो आणि आयर्लंड फंड्स या संस्थेने २० लाख देऊन ते सुरू झालं, आता सरकार आणि स्थानिक संस्था चालवतात. यूटूला लोक इथे जाम शिव्या घालतात पण हे काम त्यांनी चांगलं केलं.

आईच्या_गावात
खूप खूप धन्यवाद. अहोंना दाखवलं, ते म्हणाले यूटू म्हणजे तेच ना ज्यांची गाणी न विचारता फोनमधे आली होती. तर एकंदर होकार समजायचा.

पावशेर_दुकान
मी जरा वेगळा सूर लावू का? मी पण दोन वर्षांपूर्वी असल्याच एका शहरभर पसरलेल्या फेस्टिवलला गेलो होतो, कुठला ते जाऊ द्या. पट्टी घेतली, आणि ज्या एका बँडसाठी गेलो त्याच्या जागेबाहेर पन्नास मिनिटं रांगेत, पावसात, शेवटी दारावरचा म्हणाला भरलंय. पट्टी म्हणजे आत जायची हमी नाही असं तिकिटाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. पैसे पाण्यात. आणि आत अर्धी जागा गळ्यात बिल्लेवाले, जे गाणं चालू असताना एकमेकांना कार्ड देत होते, काचेतून दिसत होतं! त्यापेक्षा साधा एक गिग बघावा, तिकीट काढावं, बँडला पैसे मिळतात.

लिफीकाठचा
पावशेर, राग समजू शकतो, माझ्याशीही एका जागी असं झालं शनिवारी. दारावर एक बाहेर, एक आत असा हिशोब. पण म्हणूनच म्हणतो, नाव बघून पळायचं नाही. ज्या बँडची हवा असते तो तसाही पुढच्या वर्षी दिसेल. मी त्या दारावरून परत फिरलो, वैतागून वर्कमन्सला गेलो (पूर्वी खरंच कामगारांचा क्लब होता तो, नदीकाठी, यूटूवाल्यांच्या जुन्या क्लॅरन्स हॉटेलला लागून), आणि तिथे त्या लॅपटॉपवाल्या कॉर्कच्या मुली लागल्या. रांगेत उभा राहिलो असतो तर त्या हुकल्या असत्या.

बिल्लेवाल्यांबद्दल मात्र शंभर टक्के सहमत. त्यांना मागे वेगळी खोली द्यावी आणि कार्डं वाटू द्यावीत.

कोथरूडकर_९
लिका, एक सांग. सात वर्षं तू गेला नाहीस, आता तीन रात्री गेलास. परत जाशील का, का हे आपलं एकदाचं कौतुक?

लिफीकाठचा
चांगला प्रश्न आहे. बघ, मला म्युझिकमधलं तुमच्यापेक्षा कमीच कळतं, बेसूर_बासरीताईंनी ऐकून जे एका ओळीत लिहिलं ते मला तीन रात्रींत सुचलं नाही. पण इथे राहून आपण काय करतो, ऑफिस, लिडलमधली खरेदी, शनिवारी कुणाकडे तरी पावभाजी, गणपतीत मंडळ. आयरिश माणसं भेटतात ती ऑफिसात, तिथे हवामान आणि हाऊ आर यू, ग्रँड. त्या बाईने मला यातला तुझा कोण विचारलं आणि मी ड्रमर म्हणालो ना, त्यानंतर ती मला अर्धा तास सोडेना. सॅंडविचचा अर्धा भाग पण दिला, चिकन होतं, मी शाकाहारी, घेतलं आणि खिशात ठेवलं. कागद त्याच खिशात होता. आता कळलं ना लगदा का झाला, नुसता पाऊस नव्हता, मेयोनीज पण होतं.

सोमवारी ऑफिसात तो पोरगा कॉफी मशीनजवळ भेटला. म्हणाला, बेसवाल्याची आई विचारत होती की तो उंच भारतीय कोण, जेवतो का नीट.

गाजरपाक
हे हे हे मेयोनीज! बँड गेला लगद्यात. आई जगात कुठेही आईच.

थिनलिझीचा_पंखा
लिका, जानेवारीत व्हीलन्सला वन्स टु वॉच असतं, तीच कल्पना, नवे बँड, एकाच इमारतीत वर खाली, पळापळ नाही, पाऊस नाही. बारच्या टोकाला दगडी माणूस बसलेला आहे अजून? आम्ही त्याच्या शेजारी ग्लास ठेवायचो. जेफ बकली वाजवून गेलाय त्या स्टेजवर, १९९४ मध्ये, मी आल्यावर सुद्धा लोक त्याबद्दल असं बोलायचे जसं काल झालं.

लिफीकाठचा
काका, दगडी माणूस आहे, त्याच्या शेजारीच टेकलो होतो, मला वाटलं कुणीतरी म्हातारा झोपलाय.
वन्स टु वॉचचं लक्षात ठेवतो. कोण कोण येणार? लुकन, ब्लँचर्ड्सटाउन, स्वोर्ड्स, हात वर करा.

झिम्मा
मी. लुआसच्या ग्रीन लाइनने हारकोर्टला उतरायचं, तिथून चालत पाच सात मिनिटं. दार उघडायच्या वेळी या, उशिरा आलात तर मला शोधू नका, मी पुढे असेन.

पावशेर_दुकान
रांग नसेल तर येतो.

आईच्या_गावात
अहो विचारतायत ते येऊ शकतात का, मुलीला घेत नाहीत तर मी बघून येतो म्हणतात. काय घालून यायचं असतं?

झिम्मा
ताई, स्वेटर काढता येईल असं काहीतरी, आत जाम गरम होतं. आणि इअरप्लग. बूट्स या औषधांच्या दुकानात मिळतात, फोमचे, दोनतीन जोड्या घ्या, आमच्या लिकांना पण एक द्या.

लिफीकाठचा
अपडेट : कागद रेडिएटरवर वाळवला. तीन शब्द वाचता आले. एक "मोठ्याने", एक "पुन्हा ऐक", आणि तिसरं बँडचं नाव असावं म्हणून दोन तास स्पॉटिफायवर शोधत होतो, बायकोने बघितलं आणि म्हणाली, हे माझं अक्षर आहे, कोथिंबीर लिहिलंय, यादीच्या मागच्या बाजूला लिहीत होतास तू.